आपोआप गेलेलं चित्र

तिथे नको ताई, त्या खुर्चीचा एक पाय हलतो — इथे बसा, ते अभ्रे सरकवा बाजूला, सरकवा खुशाल, चुरगळले तरी चालतात, हॉस्पिटलवाले धुऊन इस्त्री करूनच उशांना घालतात. हां. तर मी काय म्हणत होते, टॅब आहे, हरवलेला नाही, त्या ट्रंकेत रजयांच्या खाली आहे, पण चार महिने त्याला कुणी हात लावलेला नाही, बॅटरी पार मेली असेल — चार्जर आणलाय? तुमचाच? बघा, जय्यत तयारीनिशी आलात. लावा मग, मशीनच्या मागे बोर्ड आहे, वरचं बटण चालत नाही, खालचं चालतं. पण आधीच सांगते, त्यातून काही निघायचं नाही. तक्रारीत लिहिलंय तेवढंच. एक चित्र होतं, ते आपोआप गेलं. आदल्या दिवशी होतं, दुसऱ्या दिवशी नव्हतं. यात आणखी बघायचं काय? — आणि जरा हळू बोला, आत ठकी झोपलीय. कमरेपासून पावलांपर्यंत प्लास्टर, दोन पायांच्या मधे आडवी काठी, कूस म्हणून बदलता येत नाही, एकदा उठली की माझं मशीन बंद.

ठकी म्हणजे माझी मुलगी. सात वर्षांची. नाव दुसरंय, शाळेच्या कागदावर आहे, पण सासूबाईंनी लहानपणीच ठकी केलं, ठेवली तिथे बसते म्हणून. जन्मली तेव्हा रडली नाही, मेंदूला हवा पोचली नाही, मग हातपाय कडक आणि बोलणं नाही. ऐकू सगळं येतं. कळतंही सगळं. — हो हो, तुम्ही यंदाच्या स्पर्धेच्या ना, कळलं मला, फोनवर दोनदा सांगितलंत. गेल्या वर्षीचं बंद पडलेलं काम उचलायचं, दोष शोधायचा आणि ते पुन्हा चालू करायचं. आणि दोष काही सापडेना. तीन आठवडे शोधताय. ओळन्‌ओळ वाचली म्हणालात. मला काय विचारता ताई, माझी सातवी झालेली. असेल कुठेतरी लपून बसलेला. ढेकूण कधी दिवसाउजेडी दिसतो का?

अकरा मुलं? होती ना, ठकी धरून बारा. शाळेतल्या बाईंनी सगळ्यांना तेच दिलं होतं, चित्र दाबलं की बोलणारं. आणि दोष सापडेपर्यंत सगळ्यांचं बंद, हे पण माहितीये मला. त्यातल्या एकाची आई मला भेटली होती, दोऱ्यांच्या दुकानात. तिचा मुलगा नऊ वर्षांचा, टॅबवर ‘पाणी’ म्हणायला शिकला होता, आता तहान लागली की पुन्हा भिंतीवर डोकं आपटतो. मला म्हणते, तुमच्या ठकीचं झालं ते वाईटच झालं हो, पण आमचं चांगलं चाललं होतं. पांढरी दोन रिळं घेतली आणि आले. हल्ली त्या दुकानात जातच नाही, लांबच्यात जाते.

तुम्ही गेल्या वर्षी नव्हतात ना स्पर्धेत? मग तुम्हाला मजा ठाऊक नाही. लग्नघर बरं त्यापेक्षा, असा गोंधळ. एवढा मोठा हॉल, जमिनीवर वायरींचं जाळं, मुलं-मुली कशीही बसलेली, कुणी टेबलाखाली झोपलेलं — आणि दोन दिवसांत अपंग माणसांसाठी काहीतरी बनवून दाखवायचं. बाईंनी आम्हा पाच-सहा आयांना नेलं होतं, एकेकीला एकेक टेबल वाटून दिलं. माझ्या टेबलाला चार मुली. मला काकू म्हणाल्या. म्हटलं अगं मी सव्वीसची, तुमच्याहून पाच वर्षांनी मोठी, काकू कसली? तर त्यातली चष्मेवाली म्हणते, मग काय म्हणू, मॅडम? म्हटलं काकूच बरं. आणि मग तिनेच विचारलं — काकू, हिला काय सांगायचं असतं? ताई, सहा वर्षांत मला लोकांनी काय काय विचारलं होतं. काय खाते, शी होते का, झटके येतात का, तुमच्या माहेरी कुणी असं होतं का. हिला काय सांगायचं असतं हे कुणी विचारलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं ना.

पहिल्यांदा त्यांनी छोटी छोटी चित्रं केली, चाळीस का काय. ठकीची मूठ मिटलेली असते, अंगठा आत, तिने हात टाकला की चार चित्रं एकदम बोलायची — पाणी-आजी-झोप-शू! सगळे हसले, ठकीपण हसली. चौघींत एक होती, सारखं काहीतरी खायची आणि बोलायची काही नाही, तिने ठकीच्या मुठीवर पट्टी ठेवून माप घेतलं. माप! आम्ही बाहीचं घेतो तसं. आणि सगळं पुसून टाकून आठ मोठ्या चौकटी केल्या, मधे भरपूर जागा, मूठ टेकली, घसरली, तरी चालेल, जरा थांबली की तेवढंच चित्र बोलणार. आणि सगळं उघडं. आत कसं बनवलंय ते कुणीही बघावं, दुरुस्त करावं, पाहिजे त्या मुलाला द्यावं, पैसा नाही. आमचे हे म्हणाले, फुकटातलं टिकत नसतं. म्हटलं, मलाही फुकटातच आणलीत, टिकलेच की.

आवाज माझा. तुम्ही ऐकला असेल. त्यांच्याकडे यंत्राचा होता, पण तो ‘भूक’ असं म्हणायचा जसं काही स्टेशनावर गाडी उशिरा येणार सांगतोय. मग चष्मेवाली म्हणाली, आईचाच घेऊ. एका सामानाच्या खोलीत मला उभं केलं, चहूकडे सगळ्यांची जाकिटं लटकवली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. पाणी, भूक, शू, आई, आजी, हवंय, नको — सगळं झालं पटापट. ‘दुखतंय’ला अडले. मी म्हणायची ‘दुखतंय’, ती म्हणायची, काकू, तुम्ही बाजारभाव सांगताय, खरंच दुखल्यासारखं म्हणा. मला हसू आवरेना. पाच-सहादा झालं. आणि मग एकदा आलं — कुठून आलं कुणास ठाऊक, बाळंतपणातलं उरलेलं असेल — खाणारीने खाणं थांबवलं. तेच ठेवलं त्यांनी. दुसरा नंबर आला मग त्यांचा.

किती झालं चार्जिंग? चार टक्के? सावकाश होऊ दे, घाई नाही मला. — चहा टाकू? नको? बरं.

आणि चालायचं ते, चांगलं चालायचं, खोटं कशाला बोलू. सुरुवातीला ठकी नुसती ‘नको’ दाबायची. औषध — नको. वेणी — नको. सासूबाई गाणं म्हणायला बसल्या — नको! त्यांचा गळा जरा... तुम्हाला काय सांगू, आमचे हे सख्खा मुलगा असून बाहेर जाऊन बसतात. पण तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. या बयेने म्हटलं, माझ्या आवाजात! सासूबाई दोन दिवस रुसल्या होत्या, माझ्यावर, ठकीवर नाही. तूच शिकवलंस म्हणाल्या. आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, बरं बाई, नको तर नको, मग काय हवंय? म्हणजे माणूस समजून विचारलं पहिल्यांदा. मी या मशीनवर बसले होते, टीप वाकडी गेली माझी.

मग ‘दुखतंय’ सुरू झालं.

सहा-सात महिन्यांनी असेल. एका सकाळी दाबलं. मी धावले. पोट चाचपलं, दात बघितले, कान बघितले, कपडा ओला आहे का, पट्टा टोचतोय का — काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा धावले. सासूबाई धावल्या. हे कामावरून आले ते चपलांसकट आत. आणि ठकी तोंड वेडंवाकडं करते ना, ताई, तिचं हसणं आणि रडणं एकसारखंच दिसतं, परक्याला तर कळायचंच नाही — आम्हालाही कधी कधी. सासूबाई म्हणाल्या, हसतेय बघ, नाटकं करतेय, सगळे नाचतात ते कळलंय तिला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घसा बघितला, पोट दाबलं, म्हणाले, काही नाही, हुशार झालीय, तुम्ही लक्ष देऊ नका म्हणजे सोडून देईल. डॉक्टरच म्हणाले असं. मी माझ्या मनाचं नाही केलं काही.

आणि लक्ष कसं नाही द्यायचं? तुम्ही सांगा. हे एवढं घर, दोन खोल्या. मी इथे मशीनवर, ती तिथे खुर्चीत, आणि दिवसभर — दुखतंय. दुखतंय. दुखतंय. माझ्याच आवाजात! दुसऱ्या कुणाचा असता तर कानाआड केला असता. मी भांडी घासतेय आणि तिकडे मीच कण्हतेय. मी सासूबाईंशी बोलतेय आणि मधेच मी — दुखतंय. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात थांबवून विचारायला लागली, नवरा मारतो का गं? यांच्या कानावर गेलं, हे दोन दिवस जेवले नाहीत धड. अंगावर हात उगारणारं माणूस नाही ते. आणि तेव्हाच ती अभ्र्यांची मोठी ऑर्डर, शनिवारी द्यायची म्हणजे द्यायची, आणि मी टीप मारतेय आणि उसवतेय, मारतेय आणि उसवतेय, आणि —

आणि मग ते गेलं. आपोआप. सांगितलं ना.

— शेवटचं कुणी हाताळलं? मीच, आणखी कोण. म्हणजे सगळेच. मला काय माहीत.

पाय कधी कळला? महिन्याभराने. तिला पुसायला पाय बाजूला करायचे ना, तर डावा पाय उघडेचना. आधी थोडा, मग अजिबातच नाही. कडकपणा वाढलाय असं वाटलं मला. शाळेतल्या व्यायामवाल्या ताई सुट्टीवर, बाळंतपणाच्या. मी जोर लावायची. हळूच, पण लावायची, नाहीतर स्वच्छ कशी करणार? कातडी लाल होते, जखम होते. मी जोर लावायची आणि ठकी बघायची माझ्याकडे. — मोठ्या हॉस्पिटलात फोटो काढला तर खुब्याचा गोळा खोबणीतून बाहेर आलेला. एका दिवसात येत नाही म्हणे असा, हळूहळू सरकतो, खूप दिवस. अशा मुलांना होतं. वेळेवर आणलं असतं तर पट्ट्यावर भागलं असतं. आता हाड कापावं लागलं, तेही गेल्या महिन्यात, तारीख मिळाली तेव्हा.

आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना शाळेने कळवलं होतं, टॅबचं. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं — हे उभे, सासूबाई उभ्या, दोन नर्स, ठकीला सुई लावलेली — म्हणाल्या, हिच्याकडे तर बोलायचं साधन आहे ना? ‘दुखतंय’ आहे ना त्यात? मग ही बोलली नाही? ताई, सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेसुद्धा. मी म्हटलं, ते चित्र गेलं आपोआप. सॉफ्टवेअर बिघडलं. बस, तोंडातून निघालं. निघालं म्हणजे — होतंच ना तसं, म्हणून निघालं. आणि डॉक्टरीणबाई अशा संतापल्या! पोरांच्या खेळातली खेळणी आजारी लेकरांच्या हातात देता म्हणाल्या. त्यांनीच लिहिली तक्रार, माझी नुसती सही घेतली खाली. मी वाचलीसुद्धा नाही नीट. आठवड्यात सगळ्यांचं बंद झालं.

चष्मेवाली आली होती. तुम्हाला सांगितलं तिने? नाही सांगायची. आत आली नाही, जिन्याच्या पायरीवर बसली, चष्मा काढून हातात धरलेला. म्हणाली, काकू, मी पुन्हा पुन्हा तपासलं, मला सापडत नाही, पण चूक माझीच असणार, मीच लिहिला होता तो भाग. ठकीला बघू का म्हणाली, मग स्वतःच म्हणाली, नको, माझी हिंमत नाही. रडत होती. आणि मी काय केलं माहितीये? मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, असू दे गं, होतं असं, मुद्दाम थोडीच केलंस. मी तिला माफ केलं, ताई! ती माझा हात दोन्ही हातांनी धरून बसली. आणि मी हात सोडवून घेतला नाही. — तिने तो विषयच सोडला म्हणता? सोडला? दुसरं शिकते? काय दुसरं? — जाऊ दे, नका सांगू.

लागला वाटतं. उजेड आला बघा पडद्यावर. आकडे मागतंय? पासवर्ड तो. मला नाही माहीत, तो चष्मेवालीलाच — ते ठकीच्या जन्मदिवसाचे चार आकडे आहेत, आधी तारीख मग महिना. — हो. मला माहीत होता. आम्हा दोघींनाच. तिने शिकवलं होतं मला, काकू, तुमच्या घराप्रमाणे चित्रं बदला, आमची वाट बघू नका. चित्रावर बोट धरून ठेवायचं, ते हलायला लागतं, मग ओढून खाली त्या डब्यात टाकायचं. विचारतं ते एकदा, नक्की काढायचं का, म्हणून. मग हो म्हणायचं. सोपं आहे. सातवीवालीला येईल असंच केलं होतं त्यांनी.

असं काय बघता माझ्याकडे?

हे काय उघडलंत? ही कसली यादी? — वही? कसली वही? याच्या आत? कुठलं चित्र कधी दाबलं ते सगळं हे लिहून ठेवतं? केव्हापासून? पहिल्या दिवसापासून! मला नाही सांगितलं कुणी. सांगितलं असेल, दोन दिवसांत किती गोष्टी सांगितल्या. म्हणजे सगळं आहे यात. दुखतंय, दुखतंय, दुखतंय — बोटाने सरकवता येतं ना — दुखतंय. आणि ही ओळ. चित्र काढले. गुरुवार, दुपारी दोन चाळीस. पासवर्ड टाकून.

मी काढलं, ताई.

ठकी बघत होती समोर. मी तिच्या मांडीवरूनच उचलला टॅब, पुसायला उचलतात तसा, आणि काढलं आणि परत ठेवला. म्हटलं, शनिवारी ऑर्डर गेली की परत घालीन. खरंच घालणार होते. शनिवार गेला, आणि घर शांत होतं. किती शांत होतं, तुम्हाला कसं सांगू, मशीनचा आवाज सोडला तर काही नाही. जिन्यातली बाई विचारेनाशी झाली, हे जेवायला लागले. सासूबाई म्हणाल्या, बघ, नाटक होतं, सोडलं की नाही तिने? त्यांनाही नाही सांगितलं मी चित्र काढलंय म्हणून. त्यांना वाटलं तिने सोडलं. मीही म्हटलं, हो, सोडलं. आणि दोन-चार दिवसांनी मलाच तसं वाटायला लागलं. होतं असं, ताई, आपण बोललेलं आपल्यालाच खरं वाटायला लागतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी माझ्या हाताने —

नाही, नाही, तुम्ही हे लिहू नका. थांबा. कागद ठेवा आत. माझं ऐका आधी. तुमचं काय, तुम्ही उद्या हॉलमध्ये उभं राहून सांगाल, दोष सॉफ्टवेअरमध्ये नव्हता, आईमध्ये होता, आणि टाळ्या पडतील. मला इथे राहायचंय. आमच्या सासूबाई वाईट नाहीत, पण त्या विसरत नाहीत. ठकी झाली तेव्हा मी कळा लपवल्या होत्या, पहिले चार तास, सगळ्यांची झोपमोड नको म्हणून — ते त्या अजून काढतात. तूच उशीर केलास. सात वर्षं ऐकतेय. आता हे कळलं तर? आणि हे काही बोलणार नाहीत. हे ठकीला उचलतील आणि माझ्या हातात देणारच नाहीत, बस. न बोलता. तुम्ही असं लिहा ना, कसं झालं कळत नाही, पण आता दुरुस्त केलं. एवढं नाही जमायचं? तुम्ही शिकलेली माणसं, दोन ओळी बदलायच्या आणि म्हणायचं सापडला दोष. कोण बघायला येतंय? — बघतात? कुणीही बघू शकतं. हो. उघडं आहे. विसरलेच मी. दोष दाखवता यायला हवा. नसलेला दोष कसा दाखवणार.

मग राहू दे बंद. अकरा मुलांचं मी काय करू? मला माझीच — त्यांच्या आया आहेत त्यांना. डोकं आपटतो तर उशी लावावी भिंतीला. मी देते शिवून. — तसं नव्हतं म्हणायचं मला. सोडा.

द्या तो टॅब इकडे, ठेवते मी परत ट्रंकेत. तुम्ही आत्ताच म्हणालात ना माझ्या परवानगीशिवाय वही कुणाला दाखवता येत नाही? मग झालं तर. नाही माझी परवानगी. — काय? आणखी काय आहे त्यात? त्या ओळीनंतर काय असणार, त्यानंतर चित्रच नाही. बाकीची असतील, पाणी, शू, आजी. हां, हे बघा, पाणी. आजी. — आणि हे काय? हे सारखं सारखं आलंय ते? रिकामी जागा. रिकामी जागा म्हणजे? गुरुवार, दोन बेचाळीस, रिकामी जागा. दोन त्रेचाळीस, रिकामी जागा. दोन त्रेचाळीस. दोन चव्वेचाळीस. हे बिघडलंय ना? तुमचा दोष सापडला, बघा, हाच असेल, उगाचच काहीतरी —

कुठे दाबलं? कुठे दाबल्यावर असं येतं?

त्याच चौकटीवर.

म्हणजे चित्र नव्हतं तरी. आवाज येत नव्हता तरी. — किती दिवस आहे हे? सरकवा. सरकवा ना. शुक्रवार. शनिवार, शनिवारी मी गठ्ठे बांधत होते इथेच, ती समोर होती, मला वाटलं शांत बसलीय. रविवार. सोमवार सकाळी, हे पुसायच्या वेळचं आहे. हेही. ही पुसायचीच वेळ, रोज मी त्याच वेळेला — मंगळवार. ताई, ती दाबत होती आणि मी पाय ओढत होते. — शेवटचं कधीचं? तुम्हीच बघा, मला अक्षर लागत नाहीये. हॉस्पिटलात नेलं त्या सकाळी? त्या दिवशीही? पूर्ण महिनाभर. थांबलीच नाही. तिने सोडलं नव्हतं. तिने एक दिवससुद्धा सोडलं नव्हतं, तिला वाटत असेल आई बहिरी झाली, जरा जोरात दाबलं तर ऐकेल.

बंद नका करू. असू दे चालू.

कागद काढा तो. नाही, तुमच्या भाषेत नका लिहू, मी सांगते तसं लिहा — की चित्र आपोआप गेलं नाही. गुरुवारी दुपारी आईने काढलं. मुलगी सांगत होती, आईने ऐकलं नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलींची काही चूक नाही. हे वेगळ्या ओळीत लिहा, मोठ्या अक्षरात, आणि चष्मेवालीला आधी दाखवा, बाकीच्यांना मागून. वहीपण दाखवा, सगळी. आणि पुढे असं करा, की आईनेसुद्धा काढलं तर ते निघू नये. बाकी सगळी निघू देत, पाणी निघू दे, आजी निघू दे, ते एक निघू नये. होईल ना तसं? — आणा, सही कुठे करू? इथे? पेन चालत नाही तुमचं. माझा खडू आहे तो नको, पुसला जातो. हां, आता उमटलं.

पायऱ्यांवर कोण आहे ते? सासूबाई. चपला घासत चढतात, कळतं. रेशनच्या रांगेत नंबर लवकर लागलेला दिसतोय. — नाही, लपवू नका, असू दे टॅब तिथेच, पडदा वर करून ठेवा. आणि तुम्ही आता निघा. तुम्ही काही बोलायचं नाही त्यांच्याशी, नमस्कार करा आणि जा. माझं मी सांगते.

या आई. बसा तुम्ही आधी, पाणी नंतर देते. — जा ना ताई. जा म्हटलं ना.